कव्हरावरची मेंढरं

"कुठं हाय ते? दाखवा मला."

कवितेची वही हातात दिली की बाईंचं पहिलं वाक्य हे असायचं. वही घेण्याआधी त्या उजव्या हाताची पाचही बोटं पदराला पुसायच्या, वही घेऊन ती बंदच ठेवायच्या आणि चष्म्याच्या वरून कवीकडं बघायच्या. कवी बिचारा सांगत असायचा, की माझ्या संग्रहात डाळिंबाचं झाड आहे, ते आईचं प्रतीक आहे, वगैरे. बाई म्हणायच्या, "ते ऱ्हाऊ द्या. झाड कुठं हाय?" आता झाड कुठं असणार? झाड कवितेत असायचं. मग कवी माझ्या तोंडाकडं बघायचा आणि मी रस्त्यावरून चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरकडं बघत बसायचो.

मी बीडला राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होतो, आता निवृत्त आहे आणि कवितेची पुस्तकं छापतो. वर्षाला दोन पुस्तकं, प्रत्येकाच्या दोनशे प्रती. आमचं प्रकाशन म्हणजे माझ्या घराची पुढची खोली, एक लोखंडी कपाट आणि माझा हेका. या पुस्तकांची कव्हरं आणि आतली चित्रं नऊ-दहा वर्षं एका बाईंनी काढली. त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांनी एकाही पुस्तकात नाव छापू दिलं नाही. "दुकानाच्या पाटीवर माझं नाव न्हाई, मग तुमच्या पुस्तकावर कावून?" असं म्हणायच्या. तेव्हा इथं नाव लिहून मी बोलणी खाणार नाही. आम्ही सगळे त्यांना पेंटरबाई म्हणायचो.

सिरसाळ्याला मोठ्या रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान होतं. दुकान नवऱ्याचं, पण दुपारी गल्ल्यावर बाई बसायच्या. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, नाकावर घसरलेला चष्मा, आणि मांडीवर बिस्किटाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. त्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्या चित्र काढायच्या. चांगला कागद मी दोनदा नेऊन दिला. दोन्ही वेळेला त्यात साखर बांधून गेली. "लई गुळगुळीत हाय, गुरुजी. पेन्सिल घसरती," म्हणाल्या. गिऱ्हाईक आलं तरी हात थांबायचा नाही. "थांब बाबा जरा, शेपूट राहिलंय," असं म्हणून त्या शेपूट पुरं करायच्या आणि मग तेल मोजायच्या. गिऱ्हाईकं थांबायची. काही तर काउंटरवर वाकून शेपूट बघत थांबायची.

माझी त्यांची ओळख शाळेत झाली. तेव्हा मी सिरसाळ्याजवळच्या एका वाडीवर होतो. शाळेच्या भिंती बोलक्या करा, असा वरून आदेश आला होता. म्हणजे भिंतींवर अक्षरं, पाढे, चित्रं रंगवून घ्यायची, पोरांनी येता-जाता वाचायची. गावातल्यांनी सांगितलं, सिरसाळ्याची किराणावाली बाई अंगणवाड्या रंगवते, तिला बोलवा. बाई रंगाचे डबे घेऊन टमटममधून उतरल्या. मी अक्षरांची यादी हातात दिली. त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, "गुरुजी, ह हत्तीचा लिवलंय. हत्ती कुठं हाय?"

मी म्हणालो, "बाई, हत्ती सगळ्यांना माहीत असतो."

"तुमी कवा बघितला?"

मी विचार केला. सर्कशीत बघितला होता, पण तो लहानपणी, आणि तोही मागून. बाईंनी मान हलवली आणि 'ह हंड्याचा' काढला. शहामृगाच्या जागी शेळी आली, जहाजाच्या जागी जातं आलं. पुढच्या महिन्यात साहेब तपासणीला आले, भिंतीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हत्ती दिसत नाही." मी म्हणालो, "साहेब, रजेवर आहे." माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी काय लिहिलं गेलं ते मी विचारलं नाही. पण पहिलीची पोरं त्या हंड्याजवळ जाऊन ओंजळ धरायची आणि खोटंखोटं पाणी प्यायची. भिंतीचा तेवढा भाग वर्षभरात काळा पडला.

पुढं कवितेची पुस्तकं काढायचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा मला दुसरं कुणी आठवलंच नाही.

बाईंची कामाची रीत अशी. कविता त्या स्वतः वाचायच्या नाहीत. वाचता चांगलं यायचं, सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. पण त्या कवीला किंवा मला काउंटरच्या बाजूला पोत्यावर बसवायच्या आणि मोठ्यानं वाचायला लावायच्या. शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून, समोर उधारीवर साबण मागणारा माणूस उभा असताना, आतड्याला पीळ पाडणारी कविता वाचायची म्हणजे काय, ते वाचल्याशिवाय कळत नाही. बाई पुड्या बांधत ऐकायच्या. मधेच हात वर करून म्हणायच्या, "ही परत म्हणा." मी विचारायचो, "आवडली?" तर म्हणायच्या, "मला न्हाई, ह्याला आवडली. बघा की, सुपारी मागायला आला अन् सुपारी मागायचं इसरला." त्या कवितेवरचं चित्र कव्हराला जायचं. आमच्या पुस्तकांची कव्हरं अशी सिरसाळ्याच्या गिऱ्हाइकांनी निवडलेली आहेत. आमचे समीक्षक म्हणा हवं तर.

चित्राचा विषय ठरला की बाई तो बघायला जायच्या. बघितल्याशिवाय रेघ ओढायची नाही. नगरपालिकेत नोकरीला असलेले आमचे एक कवी होते, त्यांचा अख्खा संग्रह समुद्रावर. बाईंनी विचारलं, "कुठं हाय?" कवी गडबडले. समुद्र त्यांनी बघितलेला नव्हता. बाईंना राग आला नाही. त्यांनी विचारलं, "मग सगळ्यात जास्त पाणी तुमी कुठं बघितलंत?" कवी जरा वेळानं म्हणाले, "माजलगावच्या धरणावर. वडिलांबरोबर गेलतो, लहान असताना." बाई दुसऱ्या दिवशी एसटीनं माजलगावला गेल्या. कव्हरावर धरणाची भिंत आली, तिच्यावर बसलेला एक लहान मुलगा आला आणि पुढं नुसतं पाणी, पानाच्या कडेपर्यंत. कवी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग पुस्तक त्यांच्या आईनं बघितलं. तिनं त्या मुलाच्या डोक्यावरून बोट फिरवलं म्हणे. तेव्हापासून कवी येईल त्याला ते कव्हर दाखवत सुटले.

या सगळ्यात माझे हाल व्हायचे. छापखान्यात अक्षरं जुळून पडलेली, कवी रोज फोन करतोय, पाहुणे ठरलेत आणि बाई कुठं तर नारायणगडाच्या पायथ्याला एका विशिष्ट बाभळीखाली बसलेल्या. मी चिडायचो. माझा आवाज चढायचा, हे घरात आणि शाळेत सगळ्यांना माहीत आहे. बाई फोनवर माझं सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं का बोलून? आता फोन ठिवा, सावली सरकायली."

आता त्या इथं नसतात. नवऱ्याचे गुडघे गेले, दुकान दिराच्या मुलाकडं सोपवलं आणि दोघं लेकीकडं लातूरला गेले. कव्हरं आता एक जण कॉम्प्युटरवर करून देतो. वेळेवर देतो, सुबक देतो. त्याला मी कधी चिडून फोन केलेला नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते भाग्यश्रीच्या पुस्तकाबद्दल.

भाग्यश्री चकलांब्याची, धनगराच्या घरातली. गेवराईला कॉलेजात होती. एक दिवस ती आईच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत वही घेऊन माझ्याकडं आली. कविता वाचल्या आणि मी बायकोला हाक मारून म्हणालो, चहा टाक, आणि जरा चांगला टाक. मेंढरांमागं वाढलेल्या पोरीच्या कविता होत्या. त्यातली सगळ्यात मोठी कविता वाटणीच्या दिवसाची होती. तिचे वडील आणि थोरले चुलते, दोघांचा एकच कळप होता. पोरगी दहा-अकरा वर्षांची असताना काहीतरी बिनसलं, आणि ओढ्याच्या काठावर कळपाचे दोन भाग झाले. त्यानंतर दोघा भावांनी एकमेकांशी शब्द बोललेला नव्हता. गाव एक, ओढा एक, आणि मेंढरं पाजायच्या वेळा तेवढ्या वेगळ्या.

मी तिला सिरसाळ्याला नेलं. पोत्यावर बसून तिनं ती कविता वाचली. दुकानात तीन गिऱ्हाईकं होती, तिन्ही सामान मागायचं विसरली. बाईंनी हात वर केला नाही, परत म्हणा म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारलं, "वडलांनी ऐकली का ही?"

भाग्यश्री म्हणाली, "नाही. त्यांना वाटतं, मी घरातलं चव्हाट्यावर मांडलं. कार्यक्रमाला या म्हटलं, तर म्हणाले, आधी पुस्तक बघतो, मग ठरवतो." थोडं थांबून ती म्हणाली, "बाई, आबांना वाचता येत नाही. ते कव्हर तेवढं वाचतील."

बाईंनी पुडीचा दोरा तोडला. "मेंढरं कुठं हायत?" एवढंच विचारलं.

भाग्यश्रीची परीक्षा चालू होती, तिला बरोबर जाता येईना. तिनं सांगितलं, गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या बाजूला असतात. बाई एकट्या गेल्या. दोन दिवस राहिल्या आणि चित्र घेऊन आल्या. पाच मेंढरं, काळ्या शाईत, पाठमोरी, चरत चाललेली. एक मेंढी जरा मागं राहिलेली, मान वळवून बघणारी. आणि प्रत्येकीच्या पाठीवर गेरूचे दोन आडवे पट्टे, दोन बोटांनी ओढलेले. सगळ्या चित्रात तेवढाच लाल रंग. मी बीडच्या छापखान्यात ते दाखवलं, तर मशीनवरचा माणूस हात पुसून बघायला आला.

परीक्षेच्या गडबडीत भाग्यश्रीला चित्र दाखवायचं राहून गेलं आणि पुस्तकं बांधून आली. कार्यक्रम चकलांब्यालाच, रविवारी सकाळी अकराला ठरला. बुधवारी भाग्यश्री पहिली प्रत घेऊन घरी गेली आणि संध्याकाळी तिचा फोन आला.

"सर, आबांनी पुस्तक पालथं ठेवलं."

"का गं?"

"म्हणाले, ही मेंढरं थोरल्याची हायत."

मला काही कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. धनगर मेंढरावर गेरूनं खूण करतात, कळप मिसळले तर आपलं जनावर ओळखू यावं म्हणून. दर घराची खूण वेगळी. पाठीवरचे दोन पट्टे ही एकत्र घराची जुनी खूण. वाटणी झाली तेव्हा ती थोरल्याकडं राहिली. आबांनी नवी केली, मानेवर एक गोल टिकला. बाई ओढ्याकडं गेल्या तेव्हा आबांची मेंढरं खतासाठी दुसऱ्या कुणाच्या रानात बसवलेली होती. तिथं चरत होता तो चुलत्यांचा कळप.

"सर, येत नाही म्हणालेत," ती म्हणाली. रडत नव्हती. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी सिरसाळ्याला फोन लावला आणि माझ्या स्वभावाप्रमाणे वाट्टेल ते बोललो. म्हणालो, बाई, घरी बसून काढली असती तर बिनखुणेची मेंढरं आली असती आणि कुणाच्या बापाला काही कळलं नसतं. म्हणालो, तुमच्या त्या जाऊन बघण्याच्या खुळानं एका पोरीचं पुस्तक तिच्या बापाला नकोसं केलं. हेसुद्धा म्हणालो, की आता सगळी कव्हरं फाडतो आणि नुसत्या अक्षरांची लावतो, ती तरी कुणाच्या खुणेची नसतात.

पलीकडं तराजूचं पारडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "फाडू नका. समदी पुस्तकं घिऊन उद्या गेवराईला या. मी सकाळच्या गाडीनं येते."

गेवराईच्या स्टँडवर त्या माझ्याआधी येऊन बसलेल्या होत्या. हातात पिशवी, तोंड उतरलेलं. मी कालच्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायला गेलो, तर त्यांनी गठ्ठ्याचं एक टोक उचललं आणि म्हणाल्या, "चला, जीप भरायली."

आबांची मेंढरं गावाबाहेर एका तुरीच्या रानात बसवली होती. तूर निघालेली, नुसती खुंटं उभी. आबा म्हणजे उंच, वाळका माणूस, डोक्याला लाल पटका. आम्हाला बघून त्यांनी घोंगडी अंथरली, बसा म्हणाले, पोरीला च्या ठेवायला सांगितला. पाहुणचारात काही कमी नव्हतं. फक्त आमच्या गठ्ठ्याकडं ते बघत नव्हते.

बाई बसल्या आणि सरळ बोलल्या. "आबा, चूक माझी हाय. गुरुजींची न्हाई, पोरीची तर मुळीच न्हाई. तिनं मला जागा बरोबर सांगितलती. मी वढ्याकडं गेलते. तिथं मेंढरं दिसली, एक वयस्कर माणूस बसला होता. मी त्यास्नी इचारलं, ही भाग्यश्रीच्या घरची मेंढरं का? ते म्हणले, व्हय, घरचीच हायत."

आबांनी मान वर केली. "असं म्हणला?"

"असंच म्हणले. मी दोन दिवस तिथंच बसले. दोन्ही दिवस त्यांनी मला भाकर दिली. पोरगी काय लिवती, शिकून कुठं जाणार, समदं इचारलं. मला वाटलं, ते म्हंजी तुमीच."

हे त्यांनी मला फोनवर सांगितलं नव्हतं. मी एवढा तोफखाना लावला होता आणि त्यांनी हा एक शब्द काढला नव्हता. मला जमिनीत जावंसं वाटलं.

आबा उठले आणि मेंढरांच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. चहा झाला. भाग्यश्रीनं कपबशा भरल्या, तरी ते वळले नाहीत. मी तोंड उघडणार, तर बाईंनी मला डोळ्यांनी गप्प बसवलं. चहावर साय धरली. मग आबा परत आले, गठ्ठ्यातलं एक पुस्तक त्यांनी स्वतः ओढून काढलं आणि उन्हात धरलं.

"वाटणीच्या दिवशी माझ्या वाट्याला आली, त्या समद्या मेंढरांवर हीच खूण होती," ते म्हणाले. आमच्याशी बोलत होते की पुस्तकाशी, ते कळलं नाही. "जुनी खूण कुणी पुसत न्हाई. लोकर कातरली की जाती ती. तवर तिच्या बाजूला आपली नवी टाकायची."

आणि पोरीला म्हणाले, "भागे, गेरूचा डबा आण."

आबांनी गेरूत तेल ओतायला घेतलं तसा बाईंनी त्यांचा हात धरला. "तेल पसरंल, आबा. डिंक घाला." पिशवीत डिंकाची बाटली होतीच.

"मेंढराला डिंक लावीत न्हाईत," आबा म्हणाले.

"ही कागदाची हायत."

आबांना ते पटायला वेळ लागला, पण पटलं. पहिल्या पुस्तकावर त्यांनी अंगठा टेकवला, तर मेंढीचं डोकंच नाहीसं झालं. भाग्यश्री हसली. आबांनी अंगठ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या पुस्तकाला करंगळी लावली. करंगळीचा टिकला मानेवर बरोबर बसला. मी हुशारीनं सुचवलं, की एका मेंढीला खूण केली तरी भागेल, पुस्तकं दोनशे आहेत. आबा माझ्याकडं असे बघायला लागले, की मी शाळेत कसा लागलो असेन याचीच त्यांना शंका आली असावी. "एकीला केली अन् चार सोडली, तर कळप कुणाचा म्हणायचा?" ते म्हणाले.

मग पाचही मेंढरांना, दोनशे वेळा. बाई गेरू कालवून द्यायच्या, आबा करंगळी टेकवायचे, भाग्यश्री पुस्तक उचलून घोंगडीवर वाळत मांडायची. आबा प्रत्येक पुस्तक हातात घेताना जीभ टाळूला लावून मेंढरांना हाकायचा आवाज काढायचे, सवयीनं. बाई त्यांच्या हाताकडं बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "आबा, माझ्यापेक्षा तुमचा हात सरळ पडतोय." आबा म्हणाले, "जनावर हालत न्हाई ना हे." पन्नासेक पुस्तकं झाल्यावर त्यांनी पोरीला सांगितलं, "ती वाटणीची म्हण बरं." भाग्यश्री तुरीच्या खुंटांत उभी राहिली आणि वही न बघता तिनं ती कविता म्हटली. आबांचा हात थांबला नाही. कविता संपल्यावर त्यांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले, कपाळाला गेरू लागला, आणि ते म्हणाले, "त्या दिवशी ऊन लई होतं. ते बी लिवलंय पोरीनं."

दुपार कलली तेव्हा शेवटचं पुस्तक राहिलं. बाईंनी ते पुढं केलं. आबांनी घेतलं, करंगळी गेरूत बुडवली आणि तशीच धरली. मग बोट धोतराला पुसलं.

"हे राहू द्या असंच," ते म्हणाले. "ह्याच्यावर खूण हाय. ज्याची त्याला पोचती करा."

भाग्यश्रीनं हातातलं पुस्तक घोंगडीवर ठेवलं. मी म्हणालो, "मी जाऊन येतो." मला वाटलं, प्रकाशक म्हणून ते माझं काम आहे.

"तुमी नका," बाई म्हणाल्या. "तुमी भाषण कराल." त्यांनी पुस्तक पदरात गुंडाळलं. "मला वाट ठावकी हाय. दोन दिवस बसले मी तिथं."

आणि त्या गेल्या. तुरीच्या खुंटांमधून, साडी एका हातानं वर धरून, बांध ओलांडून, ओढ्याच्या दिशेनं. मागं वळून बघितलं नाही. आबा आणि मी बसून राहिलो. आबांनी माझ्याशी पावसाबद्दल, ऊसतोडीबद्दल काय काय बोलणं काढलं, पण त्यांचं लक्ष बांधाकडं होतं.

तासाभरानं बाई रिकाम्या हातानं परत आल्या. पाणी मागितलं, तांब्याभर प्यायल्या. आबांनी विचारलं नाही. शेवटी मीच विचारलं, "काय म्हणाले?"

"आधी काहीच न्हाई. पुस्तक लई येळ बघितलं. मग मागं राहिलेल्या मेंढीवर बोट ठिवलं. म्हणले, ही लंगडी हाय, हिला कावून घेतली? मी म्हणलं, तीच तर मागं वळून बघत होती." बाईंनी तोंड पुसलं. "मग इचारलं, कार्यक्रम किती वाजता हाय?"

आबा हातातली काडी मोडत होते.

"मी सांगितलं, अकराला हाय. गुरुजींचा कार्यक्रम म्हणजे बाराला सुरू होणार. पण तुमी साडेदहालाच या म्हणलं. दोघांला बोलायला येळ पायजे."

रविवारी कार्यक्रम शाळेच्या वर्गात होता. बाई आल्या नाहीत. त्या आमच्या कुठल्याच कार्यक्रमाला यायच्या नाहीत, आणि त्या दिवशी तर त्यांची परळीकडं एका अंगणवाडीची भिंत चालू होती. मी दहाला सतरंजी घालायला गेलो, तर आबा आधीच भिंतीला टेकून बसलेले होते, धुतलेला पटका, मांडीवर पुस्तक. साडेदहाला दारात थोरले आले. चपला काढल्या, काखेतलं पुस्तक हातात घेतलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले. आबा उठले नाहीत. थोडे बाजूला सरकले आणि शेजारची सतरंजी हातानं झटकली. थोरले येऊन तिथं बसले. मी हातात फुलं घेऊन तसाच उभा होतो, आणि बाई तिथं हव्या होत्या.